लाल थर्मल आणि बोलका बनियन

प्योसाहेबांची अपेक्षा फार मोठी नव्हती. त्यांना लाल थर्मलचा एक जोड हवा होता. वर लांब बाह्यांचा, खाली घोट्यापर्यंत, आणि रंग असा की समोरच्याने डोळे चोळावेत. बाजारातून आणण्यासारखी ती वस्तू असती तर त्यांनी केव्हाच आणली असती. पण पोराच्या पहिल्या पगाराचा थर्मल बापाने विकत घ्यायचा नसतो. तो पोराने आणायचा, आईबापाने "कशाला उगाच खर्च" म्हणायचं, आणि मग घालून उन्हाळ्यापर्यंत मिरवायचं. देगू शहरात ही रीत प्योसाहेबांच्या वडिलांपासून चालत आली होती. थंडी आता पूर्वीसारखी पडत नाही, पण मिरवायला थंडी लागतेच असं नाही.

वरच्या मजल्यावरच्या नामगुंगसाहेबांना त्यांच्या मुलाने असा जोड दिला, तेव्हापासून नामगुंगसाहेबांना सतत उकडत होतं. लिफ्टमध्ये उकडायचं, कचरा टाकायला खाली आले की उकडायचं, सोसायटीच्या सभेत तर बसवायचं नाही. उकडलं की ते शर्टाची वरची बटणं सोडायचे, आतला लाल रंग नीट दिसेपर्यंत. प्योसाहेब ते बघायचे आणि घरी येऊन बायकोला विचारायचे, दामहीची परीक्षा कधी संपते, नोकरी कधी लागते. बायकोला वाटायचं, बापाला लेकीच्या भवितव्याची काळजी आहे.

अखेर दामही नोकरीला लागली. देगूतल्या जुन्या कापडगिरण्यांच्या जागी आता ज्या छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या आहेत, त्यातल्याच एकीत. काम विणण्याचंच, पण सुतासोबत चांदीचा बारीक धागा विणायचा, आणि त्या धाग्यातून अंगातल्या खबरा बाहेर आणायच्या. पहिल्या पगाराच्या दिवशी ती खोका घेऊन घरी आली. प्योसाहेबांनी "कशाला उगाच खर्च" हे वाक्य खोका उघडण्याआधीच म्हणून टाकलं. आत एक करडा बनियन निघाला. लांब बाह्यांचा, छातीवर बटणाएवढी काळी चकती लावलेला.

"मी स्वतः विणलाय, बाबा," दामही म्हणाली. "ठोके, श्वास, अंगाची ऊब, सगळं माझ्या फोनवर दिसतं. महिनाभर चाचणी आहे. कंपनीने विचारलं कोणाला घालायचा, मी तुमचं नाव दिलं."

प्योसाहेबांनी खोक्याच्या तळाशी हात घालून बघितलं, अजून काही आहे का. नव्हतं.

कारण तसं योग्य होतं. शरद ऋतूतल्या सणाच्या आदल्या दिवशी प्योसाहेब सोसायटीच्या सामाईक न्हाणीघरात गरम पाण्यात बसायच्या टाकीतून उठताना चक्कर येऊन पडले होते. दामहीने ती रात्र दवाखान्यात बाकावर काढली होती. तेव्हापासून त्यांना न्हाणीघर बंद होतं, आणि पोरगी एका बापाला चोवीस तास नजरेत ठेवता येईल असं कापड विणायच्या मागे लागली होती. हे सगळं प्योसाहेबांना माहीत होतं. माहीत असून त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचंही वाईट वाटलं. त्यांनी बनियन घातला, आरशात बघितलं आणि चांगला आहे म्हणाले.

खरं दुःख वेगळंच होतं. प्योसाहेब पाणीखात्यात मीटर तपासनीस म्हणून लागले आणि उपप्रमुख म्हणून निवृत्त झाले. अख्खी हयात लोकांच्या घरी जाऊन कोणी किती वापरलं ते वाचण्यात गेली. आता म्हातारपणी पोरीने त्यांच्याच छातीवर मीटर बसवला होता.

चाचणीसाठी अडीअडचणीला धावून येणारी दोन नावं लागत होती. एक दामहीचं झालं. दुसरं घरातलं चालत नव्हतं, कारण गॅस गळला तर दोघंही एकदम जातील, असं कंपनीचं म्हणणं होतं. माणूस त्याच आवारातला हवा. दामहीने लगेच नामगुंगकाकांचं नाव सुचवलं. आपलं हृदय नामगुंगच्या हातात द्यायचं, ही कल्पनाच प्योसाहेबांना पेलवेना. मग त्यांनी बाणेदारपणे सोसायटीच्या कार्यालयाचं नाव दिलं, आणि सगळ्या पुढच्या गोष्टींचा पाया तिथे घातला गेला.

कार्यालयाचे प्रमुख ब्यनसाहेब हे अत्यंत नियमाने वागणारे गृहस्थ. घराघरात लावलेल्या भोंग्यांवरून सूचना देणं हा त्यांचा अधिकार होता आणि आनंदही. ते म्हणाले, हे असं परस्पर करता येणार नाही, समितीपुढे ठेवावं लागेल. समितीत प्रश्न असा निघाला की प्योसाहेबांचं हृदय सोसायटीच्या सामाईक व्यवस्थेत मोडतं का. लिफ्ट मोडते, पाण्याची टाकी मोडते. एकशेदोन इमारतीच्या प्रतिनिधीने ठाम विरोध केला. उद्या एकशेचारमधल्या एका माणसाच्या हृदयाची देखभाल आमच्या मासिक वर्गणीतून व्हायला लागली तर आमच्या रहिवाशांना आम्ही काय सांगायचं, असं तो म्हणाला. प्योसाहेब समोर खुर्चीवर बसून आपल्या हृदयाबद्दलची चर्चा ऐकत होते. शेवटी खर्च शून्य असल्याचं लेखी दिल्यावर ठराव झाला: इशारा आल्यास आधी फोन करावा, मग दाराची घंटा वाजवावी, आणि तरीही उत्तर न आल्यास भोंग्यावरून घोषणा करावी. ठरावाला अनुमोदन नामगुंगसाहेबांनी दिलं. देताना त्यांनी एक बटण सोडलं.

बनियन अंगात घातल्यापासून प्योसाहेबांच्या घरातली शांतता गेली. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या बायकोने तो चकतीसकट धुण्याच्या यंत्रात टाकला. दुपारी दामहीचा फोन आला, बाबा, तुम्ही काय करताय, तुम्ही इथून बुसानपर्यंत चालत गेल्याचं दिसतंय. प्योसाहेब सोफ्यावर संत्रं सोलत होते. बनियनला मात्र काही झालं नाही. दामहीने विणलेलं टिकाऊ निघालं, याचा त्यांना जरा रागच आला.

त्याहून वाईट म्हणजे बनियन ताण मोजत असे. रोज रात्री ताणाचा आलेख यायचा, त्यात कुठे डोंगर, कुठे सपाट. दामहीने कौतुकाने तो आईला दाखवला. आईने दोन दिवस तो बारकाईने अभ्यासला आणि तिसऱ्या दिवशी जेवताना विषय काढला. "मी स्वयंपाकघरातून बाहेर आले की हा डोंगर सुरू होतो. मी बहिणीकडे गेले होते त्या दिवशी सगळं सपाट. याचा अर्थ काय, अहो?" प्योसाहेबांनी सांगितलं की यंत्राचा भरवसा नसतो. तेवढं सांगतानाही छातीवरची चकती आपलं काम करत होती.

शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला तर फुकट आणि मुबलक. कोणी म्हणालं, चांदी अंगाला लागली की झोप चांगली लागते. कोणी म्हणालं, चांदीने पचन बिघडतं. नामगुंगसाहेबांनी लिफ्टमध्ये बनियनचा गळा चिमटीत धरून बघितला आणि म्हणाले, "चांगलाय. आजाऱ्यांसाठी फार उपयोगी. आमच्या पोराला मात्र असलं काही सुचत नाही, त्याने आपला साधा लालच आणला." मग त्यांना उकडायला लागलं.

प्योसाहेब त्या दिवशी घरी न जाता थेट सोमुन बाजारात गेले. सगळं स्वतःचं स्वतः करायची सवय माणसाला पाणीखात्यातच लागते, असं ते मनाशी म्हणाले. दुकानदारीणबाईंनी लाल जोड पुढ्यात टाकला आणि विचारलं, पोरीने पाठवलंय ना? प्योसाहेब हो म्हणाले. त्यांच्या आयुष्यातली ती फार गुळगुळीत थाप होती, आणि नंतर स्वतःवर हसताना ते नेहमी याच थापेपासून सुरुवात करतात. जोड त्यांनी सणासुदीच्या गाद्यांमागे लपवला.

आता तो दाखवायचा कुठे, हा प्रश्न होता. नामगुंगसारखी बटणं सोडत फिरणं त्यांच्या प्रतिष्ठेत बसत नव्हतं. सभ्य माणसाच्या आतल्या कपड्यांवर इतर सभ्य माणसांची नजर सहज पडावी अशी जागा सोसायटीत एकच: न्हाणीघराची कपडे बदलायची खोली, रविवारी सकाळी. अख्खं एकशेचार तिथे असतं. आणि न्हाणीघर त्यांना बंद होतं. शिवाय बनियन घालून जावं तर तो लालच्या आतून निघणार आणि सगळी शोभा घालवणार. बनियन काढावा तर दामहीला कळणार.

इथे त्यांचा जुना अनुभव कामी आला. मीटरला कसं फसवतात हे त्यांच्याइतकं देगूत कोणाला ठाऊक नव्हतं. लोकांनी मीटर उलटे बसवलेले त्यांनी पाहिले होते, चुंबक लावलेले पाहिले होते, आणि सगळ्यांना पकडलं होतं. त्यांनी कंपनीच्या मदतक्रमांकावर फोन केला आणि अगदी सहज विचारावं तसं विचारलं, बनियन काढून ठेवला हे तुम्हाला कसं कळतं? पलीकडची मुलगी म्हणाली की बनियन गार पडला की आम्ही समजतो, काढून ठेवलाय. "आणि जर..." असं तिने पुढे सुरू केलं होतं, पण प्योसाहेबांना हवं ते मिळालं होतं. त्यांनी आभार मानून फोन ठेवला.

रविवारी सकाळी दामही सुट्टी असूनही चाचणीच्या कामाला कंपनीत गेली आणि बायको न्हाणीघराच्या बायकांच्या बाजूला. ती निघताना प्योसाहेबांनी सांगितलं की आज जरा उशिरापर्यंत पडतो. ती गेल्यावर त्यांनी बनियन काढला आणि बसायच्या खोलीत, खालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेली जमीन सगळ्यात जास्त तापते तिथे, कोपऱ्यात, नीट उताणा पसरला. बाह्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. वर जाड रजई घातली. लहानपणी आई उशिरा येणाऱ्याच्या भाताचं भांडं अशाच तापलेल्या कोपऱ्यात रजईखाली ठेवायची, आणि भात तासन्‌तास वाफाळता राहायचा. बनियन काय, त्याहून सोपं. गाढ झोपलेला माणूस हुबेहूब दिसत होता. प्योसाहेबांनी लाल जोड घातला, वर कोट चढवला आणि बादली घेऊन निघाले.

कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी कोट अतिशय सावकाश काढला. मग मोजे शोधले. मग कुलपाची किल्ली शोधली. नामगुंगसाहेब तिथे होतेच.

"अरे वा, प्योसाहेब. दिला वाटतं शेवटी पोरीने?"

"मी नकोच म्हणत होतो," प्योसाहेब म्हणाले. "ऐकत नाही ती."

आजूबाजूच्या दोघाचौघांनी माना डोलावल्या. एकाने कापडाला हात लावून बघितला. नामगुंगसाहेबांचा चेहरा किंचित पडला, असं प्योसाहेबांना वाटलं, आणि त्यांनी लाल जोड काढून त्याची दोनदा घडी घातली, पहिली घडी मनासारखी झाली नाही म्हणून. गरम टाकीकडे ते गेले नाहीत. तेवढं शहाणपण शिल्लक होतं. ते सरळ अंग घासणाऱ्याच्या बाकावर पालथे झोपले, पाठीवर साबण आला, खरखरीत हातमोजा फिरू लागला, आणि बऱ्याच महिन्यांनी त्यांना जग चांगलं वाटलं.

तेवढ्यात न्हाणीघरातला भोंगा खरखरला. ब्यनसाहेबांचा आवाज आला.

"रहिवाशांसाठी सूचना. एकशेचार क्रमांकाच्या इमारतीतील प्योसाहेब यांचे हृदय सध्या मिळत नाही. फोन व घंटा या दोन्ही पायऱ्या पूर्ण झाल्या आहेत. बचाव पथक आले असून दाराचे कुलूप कापण्यात येत आहे. तरी रहिवाशांनी लिफ्ट मोकळी ठेवावी. तसेच ओला कचरा मंगळवारीच खाली आणावा."

अंग घासणाऱ्याचा हात थांबला. पलीकडच्या टाकीतून, डोक्यावर घडी केलेला टॉवेल ठेवलेल्या नामगुंगसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं.

"प्योसाहेब," ते म्हणाले, "तुम्ही गेलात म्हणतायत."

ओल्या, साबणाच्या अंगावर थर्मल चढत नाही. चढतो, पण अर्ध्यावर अडतो आणि मग पुढेही जात नाही, मागेही येत नाही. त्या झटापटीत जो वेळ गेला तो प्योसाहेबांना अजून आठवतो. कोट कुठल्या खणात आहे ते सुचेना. शेवटी ते लाल जोडातच निघाले. बाहेर बर्फ पडलेलं होतं आणि मोटारी लावायच्या अंगणात अख्खी सोसायटी जमलेली होती. जो रंग चार माणसांनी ओझरता बघावा अशी त्यांची इच्छा होती तो आता सहा इमारतींनी नीट बघितला. एका बाईंनी त्यांना थांबवून विचारलं, एकशेचारमध्ये कोण गेलं हो? "मी," म्हणून ते पुढे पळाले. मागून टॉवेल गुंडाळलेले नामगुंगसाहेब येत होते. रिकामी लिफ्ट दार उघडून उभीच होती.

घराचं दार बिजागरीवर लोंबत होतं. बचाव पथकातला एकजण कपाटात बघत होता, दुसरा बाल्कनीत लोणच्याच्या बरण्यांमागे. ब्यनसाहेब मध्यभागी ठरावाची प्रत घेऊन उभे होते. बायको ओले केस टॉवेलात बांधून भिंतीला टेकून बसली होती आणि सांगत होती की सकाळी मी उठवायला हवं होतं, आता ते नुसते सापडू देत, मी एक शब्द बोलणार नाही. आणि कोपऱ्यात, बाजूला फेकलेल्या रजईशेजारी, दामही होती. कंपनीतून तशीच टॅक्सीने आली होती, अंगात प्रयोगशाळेचा पांढरा कोट, पायात तिथल्याच सपाता. तिने तो करडा बनियन दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

प्योसाहेब दारात आले तेव्हा बायकोने किंकाळी फोडली. दामही मात्र ओरडली नाही. ते त्यांना जास्त लागलं.

"खुर्चीवर टाकला असता तरी चाललं असतं, बाबा," ती म्हणाली. "गार पडला असता, मला कळलं असतं तुम्ही काढलाय. मी रागावले असते, संपलं असतं." तिने बनियन उलगडून परत छातीशी घेतला. "ऊब आहे आणि ठोका नाही. याचा अर्थ काय होतो ते मला माहीत आहे. मीच विणलाय ना. टॅक्सीत मी सारखी बघत होते, ठोका येतो का. सहाव्या मजल्यावर मीटिंग चालू असते तेव्हा पण मी टेबलाखाली फोन धरून तुमचे ठोके बघते. लोकांना वाटतं मी कोणाच्या प्रेमात पडलेय."

प्योसाहेबांनी आयुष्यभर मीटर फसवणाऱ्यांना पकडलं होतं आणि त्यांचे चेहरे बघितले होते. आपला चेहरा आता तसाच झाला असणार, हे त्यांना आरशाशिवाय कळलं. आपण किती मोठे मूर्ख आहोत याचा त्यांनी हिशेब लावायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. त्यांना खूप बोलायचं होतं. ते एवढंच म्हणाले, "टाकीत नव्हतो उतरलो."

तेवढ्यात नामगुंगसाहेब धापा टाकत आत आले. प्योसाहेब धडधाकट उभे बघून त्यांनी डोळे पुसले, अगदी खरोखर पुसले, आणि मग काहीतरी बोलायला हवं म्हणून दामहीला म्हणाले, "पोरी, थर्मल मात्र झकास घेतलास हो बाबांना. आमच्या पोराच्यापेक्षा चांगला लाल आहे."

दामहीने पहिल्यांदाच बापाकडे वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. साबणाचे डाग पडलेला लाल जोड. मनगटाच्या बऱ्याच वर थांबलेल्या बाह्या. बायकोनेही बघितलं आणि तोंड उघडलं. प्योसाहेबांनी मान खाली घातली. बनियनने नाही पकडलं, ते आता सगळ्यांदेखत पकडलं जाणार होतं, आणि त्यानंतर लिफ्टमध्ये उभं राहायला तोंड राहणार नव्हतं.

"हो, काका," दामही म्हणाली. "पहिल्या पगाराचा. माप जरा चुकलं माझं."

बायकोने तोंड मिटलं. त्या दिवसापुरता तिने शब्द पाळला, संध्याकाळपर्यंत तरी.

दामही उठली. "हात वर करा," म्हणाली. सगळ्यांसमोर तिने लहान मुलाचे कपडे बदलावेत तसा वरचा लाल थर्मल ओढून काढला, टॉवेलने पाठीवरचा साबण पुसला, करडा बनियन घातला, आणि वरून परत लाल चढवला, गळा सरळ करून. मग फोन हातात घेतला. ब्यनसाहेब प्रसंग मिटला असं समजून खाली कार्यालयात गेले. बाकी सगळे फोनभोवती वाकले. आधी काही दिसेना. मग एक रेघ उठली, मग दुसरी, आणि मग रेघा एवढ्या भराभर उठायला लागल्या की बचाव पथकातला माणूस आपली पेटी उघडून पुढे सरसावला.

"एवढे ठोके?" बायको म्हणाली.

"जिना चढून आलो ना," प्योसाहेब म्हणाले.

"लिफ्टने आलो आपण," नामगुंगसाहेब म्हणाले.

दामहीने मान वर केली नाही. रेघा तशाच धावत होत्या आणि ती बघत होती. पेटीवाल्या माणसाला तिने हातानेच थांबवलं. प्योसाहेबांनी लाल बाहीने तोंड पुसलं, एकदा, मग पुन्हा एकदा.

"फार उकडतंय हो या घरात," ते म्हणाले.

भिंतीवरचा भोंगा खरखरला. "रहिवाशांसाठी सूचना. एकशेचार क्रमांकाच्या इमारतीतील प्योसाहेब यांचे हृदय मिळाले आहे. ते त्यांच्या मुलीकडे आहे. सहकार्याबद्दल आभार."